बीपीच्या आजारात प्लेटलेट्स का घसरतात?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला गरोदरपणाचा ३२वा आठवडा चालू आहे, बीपी १४६/९४ आहे, लघवीतून प्रोटीन जातंय आणि प्लेटलेट्स महिन्याभरात २ लाख १० हजारांवरून १ लाख ३० हजारांवर आल्यात. बीपीचा आणि प्लेटलेट्सचा संबंध काय, आणि त्या चढवाव्या लागतील का, असं विचारलंत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट क्वचित भेटतात, त्यांच्या रक्ताच्या स्लाइड्स रोज. औषधांचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, रक्तात काय चाललंय तेवढं मी सांगतो.

आधी आकडा खरा आहे ना, ते बघा. सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काही जणांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात, मशीनला ते गठ्ठे नीट मोजता येत नाहीत आणि आकडा उगाच कमी येतो. स्लाइड पाहिली की लगेच कळतं, म्हणून पाहिली का ते लॅबला बेधडक विचारा. अर्थात बीपी आणि प्रोटीन जोडीला असताना घसरण खरी असण्याचीच शक्यता जास्त.

आता संबंध. बीपी वाढतं म्हणून प्लेटलेट्स कमी होतात, असं नाही. दोन्हींचं मूळ एकच, आणि ते वारेत आहे. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात गर्भाशयातल्या पीळदार धमन्या रुंद व्हाव्या लागतात. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी वाढतं आणि सहसा लघवीतून प्रोटीन जातं, तो आजार), विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या, हे काम अर्धवट राहतं. रक्त कमी पडलेली वार आईच्या रक्तात एसफ्लट-१ नावाचं प्रथिन जादा सोडते, आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर ज्या घटकांवर तगून असतं त्यांनाच ते पकडून ठेवतं. निरोगी अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवतं. अस्तर बिघडलं की ते घटतं आणि प्लेटलेट्समधलं थ्रोंबॉक्सेन शिरजोर होतं. ते वाहिन्या आवळतं, शिवाय आणखी प्लेटलेट्सना चेतवतं. त्या जागोजागी चिकटतात आणि खर्ची पडतात. (धोका जास्त असलेल्या बायकांना १२व्या आठवड्यापासून, शक्यतो १६व्याच्या आत, कमी डोसाची ॲस्पिरिन देतात ती या थ्रोंबॉक्सेनला लगाम घालायला. आता ३२व्या आठवड्यात स्वतःहून सुरू करू नका.)

प्लेटलेट एरवी ८ ते १० दिवस जगते. इथे ती लवकर संपते, म्हणून अस्थिमज्जा नव्या, आकाराने मोठ्या प्लेटलेट्स भराभर पाठवते. रिपोर्टमधला एमपीव्ही, म्हणजे प्लेटलेट्सचा सरासरी आकार, त्यामुळे वाढलेला दिसू शकतो. पण ट्यूब बराच वेळ पडून राहिली तरी तो वाढतो, त्यामुळे एकट्या एमपीव्हीवर मी काही ठरवत नाही.

बीपी नॉर्मल असतं तर १ लाख ३० हजारांनी मी फारसा दचकलो नसतो. शेवटच्या तिमाहीत अनेकींच्या प्लेटलेट्स थोड्या उतरतात आणि बाळंतपणानंतर आपोआप भरून येतात. तुमच्याकडे मात्र महिन्याभरात ८० हजार गेलेत. म्हणून पुढचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून उतार किती वेगाचा आहे ते बघा, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आकडा १ लाखाच्या खाली गेला की आजार गंभीर गटात धरतात. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निकष बदलले, तेव्हापासून वाढलेल्या बीपीसोबत प्लेटलेट्स इतक्या कमी असतील तर लघवीत प्रोटीन नसतानाही प्रीएक्लॅम्प्सिया मानतात.

मला खरी धास्ती असते ती हेल्प सिंड्रोमची. हे नाव लुई वाइनस्टाइन या डॉक्टरांनी १९८२ मध्ये दिलं: लाल पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात, प्लेटलेट्स कोसळतात. स्लाइडवर तुटक्या, टोकदार लाल पेशी दिसल्या की मी रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबत नाही, थेट फोन करतो. घरी दिसणारी खूण म्हणजे उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ. लोक ते ॲसिडिटी समजून रात्र काढतात. तसं करू नका. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, धाप लागणं, यांतलं काहीही झालं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा.

प्लेटलेट्स चढवायच्या का? १ लाख ३० हजारांवर नाही. रक्तस्राव होत असेल, किंवा सिझेरियन करायचंय आणि आकडा ५० हजारांखाली आहे, तेव्हा तो विचार होतो. शिवाय बाहेरून दिलेल्याही त्याच बिघडलेल्या अस्तरावर खर्ची पडतात, फार टिकत नाहीत. पाठीतून भूल द्यायला ७० हजारांच्या वरचा आकडा सहसा चालतो, पण उतार वेगाचा असेल तर भूलतज्ज्ञ अगदी ताजा रिपोर्ट मागतील.

बाळंतपण झालं, वार बाहेर पडली, तरी प्लेटलेट्स लगेच उसळी घेत नाहीत. पहिले एक-दोन दिवस आणखी घसरू शकतात, मग चढू लागतात. त्या दिवसांतली सीबीसी 'आता सुटलो' म्हणून टाळू नका. हेल्पच्या बऱ्याच केसेस बाळंतपणानंतरच उघड होतात.