गाळ्याआधी उधारी

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या एक वाचक, वय 31, पॅकेजिंग कंपनीत ग्राफिक डिझायनर. हातात पगार 46,000. संध्याकाळी बाहेरची कामं, म्हणजे लोगो, ब्रोशर, लग्नपत्रिका. शनिवार-रविवारी घरच्या हॉलमध्ये चित्रकला आणि सुलेखनाचा क्लास. नऊ मुलं, महिना 1,200 रुपये फी. आता नोकरी सोडून स्टुडिओसाठी गाळा घ्यायचा आहे. एफडी 4 लाख मोडायची, आईच्या पाटल्यांवर 3 लाख काढायचे. "जमेल ना?"

या आकड्यांवर जमणार नाही. पण बेत वाईट नाही, गाळा वाईट आहे.

तुम्ही लिहिता की बाहेरच्या कामाचे महिन्याला चाळीस हजार सहज सुटतात. सोबत पाठवलेल्या यादीची बेरीज मी दोनदा केली. बारा महिन्यांचे 2,64,000, म्हणजे सरासरी 22,000. चाळीस हजार लग्नसराईच्या दोन महिन्यांत आले, आणि लक्षात तेच राहिले. क्लासचे 10,800 धरून झाले 32,800. गाळ्याचं भाडं 18,000, वीज-इंटरनेट साडेतीन हजार, सोन्यावरच्या कर्जाचं निव्वळ व्याज तीनेक हजार: शटर उघडायलाच 24,500. एकवीस मुलांची फी नुसती त्यात जाईल. उरलेल्या 8,300 मध्ये 34,000 चं घर चालवायचं. आणि ज्या एफडीवर हे घर जवळजवळ वर्षभर तगलं असतं, ती तर फर्निचरमध्ये गेलेली.

क्लासबद्दल एक विचारतो. नऊपैकी सहा मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी येतात, असं तुम्हीच म्हणता. परीक्षा झाल्यावर ती का येतील? त्यांच्यासाठी पुढचं काहीतरी हवं. शिवाय मोठ्यांची देवनागरी सुलेखनाची चार रविवारांची बॅच, फी आगाऊ. जागा तासावर घ्या. एखाद्या नृत्यवर्गाचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो, वाचनालयाची खोलीही मिळते. मुलं आली नाहीत तर भाडंही नाही.

आता पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट: 72,000 रुपये येणे बाकी. तुमची सव्वातीन महिन्यांची कमाई लोकांच्या खिशात आहे! उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती मोफत आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नोंदणी झाल्यावर तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि त्या खर्चाची करातली वजावट काम देणाऱ्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. ही शेवटची गोष्ट त्यांच्या सीएला चांगली ठाऊक असते, म्हणून मार्चमध्ये फोन करा. नोंदणीआधीची जुनी बिलं मात्र गोडीगुलाबीनेच काढावी लागतील. यापुढे निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय फाइल उघडायची नाही, मावसभावाची पत्रिका असली तरी.

जीएसटीची धास्ती नको. वर्षाची जमा 20 लाखांच्या आत असताना सेवा देणाऱ्याला साधारणपणे नोंदणी लागत नाही. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापलेला आयकर, कापला गेला असेल तर रिटर्न भरून जमेस धरा.

नोकरी कधी सोडायची? निदान आठ महिने नाही. तुमची चार वर्षं चार महिने झालीत. पाच पूर्ण झाली की 24,000 मूळ पगारावर ग्रॅच्युइटी साधारण 69,000 होते. पीएफलाही पाच वर्षांआधी हात लावला तर कर बसतो. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपेल, आणि आईंना मधुमेह आहे. स्वतःची पॉलिसी आजच घ्या, कारण जुन्या आजाराचा खर्च मिळू लागेपर्यंतचा थांबा तीन वर्षांपर्यंत असू शकतो. तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाला मनाई आहे का, तेही एकदा नीट वाचा.

डिझाइन आणि क्लास मिळून बारा महिन्यांची सरासरी 45,000 वर गेली की राजीनामा द्या, एफडी शाबूत ठेवून. तेव्हाही गाळा लगेच नको. आणि पाटल्यांचं आईंना अजून विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. मग आता विचारूच नका.