क्रीम राहू दे, आधी नाक बघ

प्रिय बाळा,

डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायला कोणतं क्रीम घेऊ, एवढंच विचारलंस. पण रविवारी उपवन तलावाच्या फेरीत तू नुसता चालत होतास, तरी तोंड उघडंच. वर दोनदा तळहाताने नाक खालून वर चोळलंस. तेव्हाच मनात आलं होतं, याचं नाक तपासायला हवं.

नाकातलं अस्तर सुजलं की डोळ्यांखालच्या बारीक शिरांमधलं रक्त नीट पुढे सरकत नाही, तुंबतं. तिथली कातडी पातळ, म्हणून ते निळसर-काळं दिसतं. डोळे चोळत राहिलं की आणखी गडद. ॲलर्जीवाल्या मुलांमध्ये हे नेहमीचं. जागरण हे एकच कारण धरून घरचे तुझ्या मोबाइलवर घसरतात. (तेही अगदी खोटं नाही. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.)

एक गंमत करून बघ. स्टीलची गार ताटली नाकाखाली आडवी धर, तोंड मिटून श्वास सोड. वाफेचे दोन डाग उमटतील. एक लहान असला तर लगेच घाबरू नकोस, नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीने मोकळ्या होतातच. पण दिवसातून तीन-चारदा बघूनही कायम तीच बाजू बंद असेल, तर नाकाच्या मधला पडदा वाकडा असू शकतो. नाकाच्या मागे असणाऱ्या, वाढल्या तर नाक अडवणाऱ्या ॲडेनॉइडच्या गाठी तुझ्या वयापर्यंत बहुधा आक्रसतात, सगळ्यांच्या नाही.

घोडबंदर रोडला तुमच्या खिडकीसमोर टॉवरचं काम, आणि पावसाळ्यात पलंगामागच्या भिंतीला ओल. धूळ, बुरशी आणि गादीतले डस्ट माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव), तिन्ही हजर. चादर-उशांचे अभ्रे आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात धू. पलंग भिंतीपासून वीतभर ओढ. सकाळी शिंका किती येतात ते आठवडाभर लिहून ठेव, डॉक्टर विचारतीलच.

मेडिकलमधून नाक मोकळं करायचे थेंब मात्र स्वतःहून आणू नकोस. अकरावीत मी आणले होते. पहिली रात्र स्वर्ग! मग दोन महिने बाटली उशाखाली, आणि एक रात्र चुकली की नाक दगडासारखं बंद. ते फार तर तीन-पाच दिवसांसाठी असतात, नंतर तेच नाक चोंदवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ॲलर्जीचा स्प्रे वेगळा. तो डॉक्टरांनी दिला तर रोज मारायचा, गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी सोडू नकोस.

रील बघून ओठांना टेप लावून झोपायचं खूळ तर डोक्यात आणूच नकोस. नाक बंद असताना तोंडही बंद केलंस तर श्वास घेणार कुठून?

तू घोरतोस का, मध्येच श्वास अडकतो का, हे धाकट्याला विचार. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लगेच, परीक्षेनंतर नाही. सकाळी तोंड कोरडं, हिरड्या लाल असतील तर दातांच्या डॉक्टरांनाही दाखव. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. आणि आईच्याही डोळ्यांखाली लहानपणापासून असंच असेल, तर थोडी रंगाची देणगी घरचीच. ती कुठल्याच गोळीने जायची नाही.

ताटलीवरचे डाग कसे दिसले ते रविवारी सांग.

तुझा,
फेरीतला काका