'पृथ्वीवर शांतता' की 'पृथ्वीवर शांती'?

प्रश्न असा आहे: नाताळच्या शुभेच्छापत्रावर 'पृथ्वीवर शांतता नांदो' असं लिहिलं, तर ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, 'शांतता खोड, शांती लिही.' दोन्हींचा अर्थ एकच ना?

मैत्रिणीचं बरोबर आहे. शांतता आपण राखतो, पाळतो, कोणी तिचा भंग करतं. वर्गातली पाटी असो की पोलीस ठाण्यातली शांतता समिती, काहीतरी नसावं एवढीच अपेक्षा: गोंगाट नको, दंगा नको. शांती मात्र मिळते, लाभते. वास्तुशांतीच्या दिवशी घरात शांतता औषधालाही सापडत नाही, तरी शांती झाली असंच आपण म्हणतो.

कार्डावरचं वाक्य लूकच्या शुभवर्तमानातलं (२:१४). प्रचलित मराठी बायबलात ते असं आहे: 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव, आणि पृथ्वीवर ज्या मनुष्यांसंबंधी तो संतुष्ट झाला आहे त्यांच्यात शांती.' हे म्हणतं कोण? मेंढपाळांपुढे अचानक प्रकटलेला देवदूतांचा समुदाय. त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'स्त्रातिया', म्हणजे चक्क फौज! शांतीची द्वाही फौज फिरवते. अध्यायाची सुरुवात रोमन सम्राट ऑगस्टसच्या नावनोंदणीच्या हुकमानं होते, आणि त्याची शांती सैन्याच्या जोरावर उभी होती. तिच्या नावानं रोममध्ये इ.स.पू. ९ मध्ये एक वेदीही अर्पण झाली. त्याच्या राज्यात गोठ्यातल्या बाळाच्या, म्हणजे येशूच्या, नावानं वेगळी शांती जाहीर करणं साधं नाही. मला तरी लूकनं ही दोन नावं मुद्दाम शेजारी ठेवली असं वाटतं.

शांतीसाठी ग्रीक शब्द 'ऐरेने', पण त्यामागे उभा आहे हिब्रू 'शालोम', आणि खरी गंमत तिथे आहे. बायबलातल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात (११:७) रणांगणावरून आलेल्या उरीया या सैनिकाला दावीद राजा सेनापती यवाबाचा शालोम विचारतो, लोकांचा शालोम विचारतो आणि मग युद्धाचाही शालोम विचारतो. युद्धाची शांतता कशी विचारणार? तिथे अर्थ आहे 'ठीक चाललंय ना?' या धातूत पुरं असणं, धड असणं आहे. त्याच धातूचं क्रियापद चोरलेल्या बैलाची भरपाई करण्यासाठीही येतं. तुटलेलं सांधलं, देणं फिटलं, की शालोम. म्हणून ख्रिस्ती माणूस नाताळच्या शांतीबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या मनात आधी देव आणि माणूस यांच्यातला समेट असतो ('समेट' हा मराठी बायबलातलाच शब्द), आणि त्यातून माणसामाणसांतला.

शालोमचं अरबी भावंड आपल्या घरात कधीचं नांदतंय: सलाम. त्याच गोतातला 'सलामत'. 'पोरगं सहीसलामत घरी आलं' म्हणताना आईच्या तोंडी जे असतं, ते शालोमच्या फार जवळ जातं, माझ्या मते 'शांती'पेक्षाही. पण कार्डावर 'पृथ्वी सहीसलामत राहो' लिहिलंत तर लोक भूकंपाची बातमी शोधतील.

निव्वळ शांतता जिथे हवी तिथे मराठी भाषांतरकारांनी वेगळा शब्द घेतला, हे पाहण्यासारखं आहे. येशू वादळाला दटावतो (मार्क ४:३९) तेव्हा 'वारा पडला व अगदी निवांत झाले.' तिथे ग्रीक शब्दही वेगळा आहे. 'निवांत'च्या मुळाशी 'निवात', म्हणजे वारा नसलेलं! वारा पडला नि निवात झालं. यापेक्षा नेमका शब्द सापडला नसता.

आता कार्डाच्या दुसऱ्या ओळीबद्दल. काही कार्डांवर 'मनुष्यांविषयी सद्भाव' असतं आणि ते बायबलशी जुळत नाही, अशी तक्रार ऐकू येते. भांडण एका अक्षराचं आहे. बऱ्याच उत्तरकालीन हस्तलिखितांत 'एउदोकिया' आहे, त्यातून 'सद्भाव' आला. इंग्रजीतल्या १६११च्या भाषांतरानं तोच पाठ घेतला आणि कार्डांवर तो रूढ झाला. सर्वांत जुन्या हस्तलिखितांच्या मूळ पाठात शेवटी एक 'स्' जास्त आहे, 'एउदोकियास'. त्यानं विभक्ती बदलते आणि अर्थ होतो 'ज्यांच्यावर देव प्रसन्न आहे अशी माणसं'. आजचे बहुतेक अभ्यासक हाच पाठ धरतात, आणि वर दिलेलं मराठी वाक्यही त्यालाच धरून आहे.

तेव्हा 'शांतता' खोडा, 'शांती' लिहा. 'नांदो' मात्र राहू द्या. ते फार छान बसलंय.