ढोंगावर लिहायचं तर आधी कुत्र्याचा तो सीन बघ

धर्मातल्या ढोंगावरची तुझी स्क्रिप्ट दोनदा वाचली. राग खरा आहे, तो वाचताना जाणवतो, पण तुझा धर्मगुरू पहिल्याच पानावर लबाड दिसतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो, मग बघणाऱ्याला करायला काही उरतच नाही ना, तो त्याला शिव्या घालतो आणि आपण बरे म्हणत घरी जातो.

म्हणून म्हणतो, स्पॅनिश दिग्दर्शक लुई बुन्युएलची 'विरिदियाना' ही फिल्म बघ. १९६१ ची, हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये शूट झालेली. नायिका नन होणार असते, मनाने खरंच चांगली. काकाने फास लावून घेतल्यावर ती कॉन्व्हेंट, म्हणजे नन राहतात तो मठ, सोडते आणि त्याच्याच वाड्यात भिकाऱ्यांना आणून ठेवते, त्यांना जेवू घालते, प्रार्थना करायला लावते. आणि तेच भिकारी आपल्यातल्या कुष्ठरोग्याला हाकलायला बघतात! बुन्युएल गरिबांनाही सोडत नाही, आणि मला वाटतं फिल्मची खरी ताकद तिथेच आहे.

आता तो कुत्रा. काकाचा मुलगा होर्खे, त्याला धर्माबिर्माचं काही नाही. गाडीखाली दोरीने बांधलेलं, गाडीमागे फरफटणारं कुत्रं त्याला दिसतं, तो ते विकत घेऊन सोडवतो. तो पाठ फिरवतो आणि उलट्या दिशेने दुसरी गाडी जाते, तिच्याखाली दुसरं कुत्रं. होर्खेला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं. डायलॉग नाही, काही नाही. तुझ्याकडे याच मुद्द्याला दीड पानाचं भाषण आहे, ते काढ.

प्रार्थनेचा सीन पण नीट बघ. इकडे ती भिकाऱ्यांसोबत प्रार्थना म्हणतेय आणि मध्येमध्ये कट करून वाड्याच्या दुरुस्तीचं काम, चुना, लाकडं, करवत. कोण खरं कोण खोटं हे कुणीच सांगत नाही. भिकाऱ्यांच्या मेजवानीत लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'ची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या चित्राची, पोझ आहे, त्यावरूनच सगळ्यात जास्त बोंब झाली, पण तू तिथून सुरुवात करू नकोस, नुसता धक्का द्यायला कुणालाही जमतो.

सेन्सॉरची भीती वाटते असं लिहिलंयस. 'विरिदियाना'च्या मूळ शेवटात नायिका रात्री होर्खेच्या खोलीत जाते आणि दार बंद होतं, तो सेन्सॉरने नाकारला. मग बुन्युएलने होर्खे, मोलकरीण आणि ती असे तिघं पत्ते खेळायला बसवले, आणि ते आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतं. कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये फिल्मला पाम द'ऑर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, विभागून मिळालं, व्हॅटिकनच्या पेपरने झोडपलं, स्टेजवर जाऊन बक्षीस घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची नोकरी गेली आणि स्पेनमध्ये ती थेट १९७७ मध्ये लागली, फ्रँको गेल्यावर.

पुढच्या ड्राफ्टमध्ये तुझ्या धर्मगुरूला एक तरी चांगलं काम मनापासून करू दे, आणि त्याच कामातून कुणाचं तरी वाटोळं होऊ दे. तेवढा एकच सीन आधी लिही आणि मला पाठव, बाकीचं नंतर बघू.