जुना रंधा घेताय? रंग नका बघू, बेड बघा

प्रश्न (मांजलपूर): वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एकाचं वर्कशॉप बंद झालंय, तो १२ इंची रंधा मशीन विकतोय. नवा हिरवा रंग मारलाय, दिसतंय झकास. घेऊ का?

उत्तर: विकायच्या आधी कोणी रंग मारला की मला तर आधी शंकाच येते, कारण बिडाला (ओतीव लोखंडाला) गेलेला तडा रंगाखाली मस्त लपतो. मोटर, पट्टा, बेअरिंग, स्टार्टर सगळं बाजारात मिळतं हो, तडा गेलेला बेड (ज्यावरून लाकूड सरकवतो तो सपाट पाट) कुठून आणणार? त्यामुळे जाताना तीन फुटी स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणि टॉर्च न्या. एज बेडच्या लांबीत ठेवा, मग दोन्ही कर्णांवर. खालून ०.१० मिमीची पात जेमतेम जात असेल तर खुशाल घ्या, ०.३० ची आरामात सरकली तर ग्राइंडिंगचा खर्च तिथेच किमतीतून कापून मागा. मग मेन स्विच बंद करून, पट्टा उतरवून कटरब्लॉक (पाती बसवलेला फिरता दांडा) हाताने फिरवा, वरखाली हलवून बघा. खरखर असली तरी घाबरू नका, बेअरिंग आपण बदलणारच आहोत. पण ब्लॉक चौकोनी असेल तर फुकटही नको! त्यात फट मोठी राहते आणि बोट आत खोल ओढलं जातं, ब्रिटनमध्ये तर हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला १९२२ च्या नियमांनीच गोल ब्लॉक सक्तीचा केला होता.

प्रश्न (कारेलीबाग): मशीनची मोटर थ्री फेज आहे, घरी सिंगल फेज. आता?

उत्तर: आधी नेमप्लेट वाचा. ४१५ व्होल्ट स्टार (स्टार आणि डेल्टा या मोटरमधल्या तारा जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल (२ एचपीपर्यंत बहुतेक तसंच असतं) तर टर्मिनल बॉक्समधल्या जोडपट्ट्या डेल्टात लावून २३० व्होल्टचा सिंगल फेज इनपुट व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा, वेग बदलणारा ड्राइव्ह) जोडता येतो, स्पीडही हवा तसा मिळतो. ४१५ डेल्टावाली असेल तर हे जमत नाही, सरळ २ एचपीची सिंगल फेज मोटर बसवा. फक्त एक बघा, जुनी १४४० आरपीएमची असली आणि तुम्ही २८८० ची आणून तीच पुली लावली तर ब्लॉक दुप्पट वेगाने फिरेल, पाती सुटून अंगावर येतील. मोटरची पुली निम्म्या व्यासाची करा. वेगळी १६ अँपिअरची लाइन, सी कर्व्हचा (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी आणि अर्थिंग हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न (दांडिया बाजार): आजोबांचा लेथ जिन्याखाली गंजून गेलाय. अ‍ॅसिडने साफ करू का?

उत्तर: अ‍ॅसिड नको, चांगलं लोखंडही खातं. सुटे पार्ट उसाच्या मळीत बुडवा, एक भाग मळी नऊ भाग पाणी, आठवडा-दोन आठवडे. वास भयंकर येतो, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचे पार्ट आणि बेअरिंग त्यात टाकू नका. काहीजण धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरने गंज काढतात, तेही चालतं, पण पॉझिटिव्हला स्टीलचं ताट लावलंत तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, तिथे साध्या लोखंडाची पट्टीच हवी, आणि काम उघड्यावर. बेडला रॉकेल आणि स्कॉचब्राइट पुरे. नंतर लगेच मेणाचा हात, आपल्याकडे पावसाळ्यात उघडं बीड काही दिवसांतच लाल होतं. सिलिकॉन स्प्रे नको, लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

प्रश्न (वाघोडिया रोड): टेम्पोत चढवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: टेबल धरून उचलू नका, बॉडीला दोर घाला. मोटर आणि फेन्स (लाकूड टेकवायची बाजूची पट्टी) आधी उतरवा.