उपचारांसाठी आलेले मूल आणि त्याचे दूरचे आईवडील

प्रश्न : एका स्वयंसेवी संस्थेच्या विनंतीवरून आम्ही सहा वर्षांच्या एका परदेशी मुलाला हृदयशस्त्रक्रियेसाठी काही महिने आमच्या घरी ठेवून घेण्याचे मान्य केले आहे. त्याला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयविकार आहे. त्याचे आईवडील सोबत येऊ शकत नाहीत आणि त्याची भाषा आम्हाला येत नाही. आमची स्वतःची मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही कोणती तयारी करावी? आणि तो आम्हालाच आई-बाबा म्हणू लागला तर काय करावे?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीच उत्तरे त्यातूनच निघतात. या मुलाला आईवडील आहेत आणि त्यांनी त्याला केवळ उपचार होईपर्यंत तुमच्याकडे सोपवले आहे. तो आई म्हणाला, तर त्याला टोकू नये. मात्र तुम्ही स्वतःचा उल्लेख मावशी आणि काका असाच करत राहावा, आणि त्याच्या खऱ्या आईचा विषय घरात रोज निघावा. तिच्याशी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल व्हावा. कॉलनंतर मूल रडते म्हणून पुढे पुढे कॉल टाळणारी कुटुंबे असतात. त्यांचा हेतू मायेचाच असतो, पण हा उपाय मला अगदी चुकीचा वाटतो. रडणाऱ्या मुलाचे मन मोकळे होत असते. जे मूल आईबद्दल विचारायचेच थांबते, त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

अशा कामात मुरलेल्या संस्थांनाही या प्रश्नाचा विचार करावा लागला आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेली जर्मनीतील ‘फ्रीडेन्सडॉर्फ इंटरनॅशनल’ ही संस्था उपचारांसाठी आणलेल्या मुलांना आपल्या वसतिस्थानात एकत्र ठेवते आणि उपचारांनंतर मूल आपल्या कुटुंबात परतेल, हे आधीच निश्चित करून घेते. फ्रान्समधील ‘ला शेन द लेस्पुआर’ मात्र मुलांना यजमान कुटुंबांत ठेवते. तुमचा मार्ग यांपैकी दुसरा, म्हणजे यजमान कुटुंबाचा आहे. त्यात मुलाला घराची ऊब मिळते, पण परतीचा विचार पहिल्या दिवसापासून जागा ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. त्याला दत्तक घेण्याविषयी किंवा कायमचे ठेवून घेण्याविषयी थट्टेतही बोलू नये.

आता आजाराविषयी. या विकारात शरीराला प्राणवायू कमी असलेले रक्त पोहोचते, त्यामुळे ओठ आणि नखे निळसर दिसतात. रडताना किंवा दमल्यावर तो एकाएकी जास्त निळा पडला आणि त्याला धाप लागली, तर त्याला शांत करत त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. ही कृती तो येण्यापूर्वीच डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. अशा मुलांचे रक्त दाट असू शकते, म्हणून ताप, जुलाब किंवा उलट्यांमुळे अंगातले पाणी कमी होणे त्यांना विशेष धोक्याचे असते. ‘उद्या बघू’ असे म्हणू नये. दातांची तपासणीही शस्त्रक्रियेआधी व्हायला हवी, कारण किडक्या दातांतले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात.

शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापावे लागते आणि ते सांधायला साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात. त्या काळात त्याला हात धरून किंवा काखेत हात घालून उचलू नये. एक हात पाठीमागे आणि दुसरा ढुंगणाखाली देऊन उचलावे. हे तुमच्या मुलीलाही शिकवा, कारण खेळता खेळता हात ओढणारी तीच असेल.

भाषेसाठी रोजच्या गरजांची चित्रे आणि त्याच्या भाषेतले वीसेक शब्द पुरतात. वेदना किती आहे, हे चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून त्याला दाखवता येते. शस्त्रक्रियेची माहिती आणि धोके यांविषयीच्या बोलण्यात मात्र प्रशिक्षित दुभाषीच असावा, आणि तो आईवडिलांशी होणाऱ्या संभाषणातही असावा. संमती त्यांची लागते, तुमची चालत नाही. किरकोळ उपचारांना होकार कोणी द्यायचा आणि आणीबाणीत कोणाला कळवायचे, हे संस्थेकडून लेखी घ्या. त्याचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

मुलीला पाहुणा येणार एवढेच सांगून थांबू नका; तो आजारी आहे, आपला बराच वेळ त्याच्यासाठी जाईल आणि तो परत जाणार आहे, हे तिन्ही सांगा. तिची खेळणी तिला विचारल्याशिवाय त्याला देऊ नका. ती चिडली, तर ते स्वाभाविक समजा.

परतीच्या वेळी भेटवस्तूंपेक्षा कागदपत्रांची काळजी घ्या. शस्त्रक्रियेचा अहवाल, औषधांची नावे आणि मात्रा, पुढील तपासण्यांचे वेळापत्रक हे सर्व तिथल्या डॉक्टरांना वाचता येईल अशा भाषेत असावे, आणि त्याची एक प्रत त्याच्या आईवडिलांना दुभाष्यामार्फत समजावून सांगितली जावी. या विकाराच्या शस्त्रक्रियेनंतरही हृदयाची तपासणी आयुष्यभर करावी लागते. ती तिथे कोण करणार, हे तो निघण्याआधीच संस्थेला विचारा.