‘द टाइम मशीन’ प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

कालप्रवासाच्या जुन्या चित्रपटांची ओळख करून घ्यायची असेल, तर जॉर्ज पाल दिग्दर्शित ‘द टाइम मशीन’ (1960) या चित्रपटापासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. मात्र आजच्या संगणकीय दृश्यांच्या अपेक्षेने तो पाहू नका. यंत्र सुरू झाल्यावर मेणबत्ती झरझर वितळते, फुले उमलतात आणि समोरच्या दुकानातील पुतळ्याचे पोशाख फॅशननुसार बदलत जातात. यांपैकी बरीच दृश्ये एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपून साधलेली आहेत, आणि याच कामगिरीबद्दल चित्रपटाला विशेष दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. हा भाग घाईने पुढे ढकलू नये. माझ्या मते चित्रपटाचा खरा आत्मा तिथेच आहे. यंत्र काळात सरकते, जागा मात्र सोडत नाही, हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे 1917, 1940 आणि 1966 या थांब्यांवर तोच परिसर पुन्हा पुन्हा का दिसतो, हे सहज उमगते.

सन 8,02,701 मधील एलॉय आणि मॉरलॉक या भविष्यातील दोन मानववंशांचा (एलॉय जमिनीवर, तर मॉरलॉक जमिनीखाली राहणारे) भाग अभिनयाच्या व रंगभूषेच्या दृष्टीने काहीसा भाबडा वाटेल (मॉरलॉकांचे चमकणारे डोळे तर विशेषच), तेवढे चालवून घ्यावे. एच. जी. वेल्स यांची 1895 ची मूळ कादंबरी शक्यतो नंतर वाचावी, कारण तिच्यातील वर्गभेदाची टीका चित्रपटात बरीच सौम्य झाली असून तिथे युद्धाच्या, विशेषतः अणुयुद्धाच्या भीतीला अधिक स्थान मिळाले आहे.